सरासरीत न दिसणारे पुणे : शहरातील आरोग्याची दरी कमी करण्यासाठी काय करावे?

प्रश्न असा विचारला गेला आहे : पुण्यात अद्ययावत रुग्णालये आहेत, नामवंत डॉक्टर आहेत, संशोधन संस्था आहेत, तरीही त्याच शहरातील काही भागांत टीबी, डेंग्यू, गरोदरपणातील रक्तक्षय आणि पन्नाशीच्या आत येणारा हृदयविकार ठाण मांडून बसलेला दिसतो. ही दरी कमी करण्यासाठी शहराने, म्हणजे प्रामुख्याने महापालिकेने, काय करावे आणि आणखी रुग्णालये बांधणे हा त्यावरचा उपाय आहे का?

शहरी आरोग्यसेवेत, विशेषतः वस्तीपातळीवरील दवाखान्यांत, माझ्या कारकिर्दीचा मोठा भाग गेला आहे, आणि त्या आधारावर सुरुवातीलाच सांगतो की रुग्णालये लागतात, पण ती या दरीच्या अगदी शेवटच्या टोकाला असतात. आजार तिथे पोहोचण्यापूर्वीच नळाला पाणी येण्याच्या वेळेने, शौचालयाच्या रांगेने, दवाखान्यासाठी बुडवाव्या लागणाऱ्या रोजाने आणि अंदाजपत्रकातील तरतुदीच्या वाटपाने बरेच काही ठरवून टाकलेले असते. जिथे आजार जास्त तिथे पैसा, मनुष्यबळ आणि लक्ष जास्त, हा हिशेब महापालिका जोवर वस्तीवार आणि उघडपणे मांडत नाही तोवर बाकीच्या योजना कितीही चांगल्या असल्या तरी त्या दरीच्या काठाकाठानेच फिरत राहतील.

प्रथम ही दरी नेमकी कोणाकोणात आहे ते पाहू, कारण येथेच बहुतेक चर्चा चुकते. २०११ च्या जनगणनेनुसार पुणे महापालिका हद्दीची लोकसंख्या ३१ लाखांच्या पुढे होती आणि तिच्यापैकी सुमारे २२ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. त्यावरून झोपडपट्टी आणि उरलेले शहर असे दोन कप्पे करण्याची सवय लागते. प्रत्यक्षात एक भिंत आणि तिच्या दोन बाजू असे हे चित्र नसून तो एक लांबलचक जिना आहे. पर्वतीच्या डोंगरउतारावरील जनता वसाहतीच्या वरच्या गल्लीतले घर, खालच्या गल्लीतले पक्के घर, पेठेतल्या जुन्या वाड्यातील भाडेकरूची खोली, समाविष्ट गावात (महापालिकेच्या हद्दीत नंतर आलेल्या गावात) दहा बाय दहाच्या खोल्या बांधून भाड्याने दिलेली चाळ, बांधकामावरचा पत्र्याचा निवारा, मध्यमवर्गीय सोसायटी आणि गेट असलेली मोठी वसाहत, अशा एकेका पायरीवर आरोग्य थोडे थोडे बदलते. जगभर जिथे जिथे मोजणी झाली तिथे हा उतार आढळला आहे, आणि म्हणून केवळ 'घोषित झोपडपट्टी' हे लक्ष्य धरले की अघोषित वस्ती, भाडेकरू आणि स्थलांतरित कामगार हे तिघेही निसटतात.

या उताराचा आपल्याच शहरातील पुरावा २०२० मध्ये मिळाला. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, आयसर ही विज्ञान संशोधन संस्था आणि अन्य संस्थांनी महापालिकेच्या सहकार्याने, करोनाचा प्रादुर्भाव जास्त असलेल्या पाच प्रभागांतील १,६६४ लोकांच्या रक्ताची तपासणी केली. एकूण ५१.५ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे आढळली, म्हणजे त्यांना संसर्ग होऊन गेला होता. घरात स्वतंत्र शौचालय असलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ४५ टक्के होते, तर सामायिक शौचालय वापरणाऱ्यांमध्ये ६२ टक्के. लोहियानगर-कासेवाडीसारख्या दाट वस्तीत ते सर्वांत जास्त निघाले. श्वासावाटे पसरणाऱ्या आजारातही शौचालयामुळे एवढा फरक दिसावा याचे अनेकांना आश्चर्य वाटले; वस्तीत काम करणाऱ्या आशाताईंना मात्र वाटले नाही. सामायिक शौचालय म्हणजे सकाळची रांग, कोंदट जागा, एकच कडी आणि एकच नळ. शिवाय ज्या घरात शौचालय नाही ते घर बहुधा एकाच खोलीचे असते, हेही त्या आकड्यात मिसळलेले आहे.

शौचालयाच्या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण आरोग्याच्या चर्चेत तो स्वच्छता खात्याचा म्हणून बाजूला सारला जातो. रात्री सार्वजनिक शौचालयात जावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी न पिणाऱ्या बायका प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांचे मूत्रमार्गाचे संसर्ग दवाखान्यात वारंवार औषध घेऊनही हटत नाहीत. मधुमेह असलेल्या माणसाला रात्रीतून तीन-चार वेळा उठावे लागते. गुडघे गेलेल्या आजीला भारतीय पद्धतीच्या भांड्यावर बसता येत नाही, म्हणून ती जेवणच कमी करते. यातील एकही गोष्ट रुग्णालयाच्या नोंदीत 'शौचालयाचा अभाव' म्हणून येत नाही. पुण्यात घरोघरी शौचालय बांधण्याचे काम बऱ्यापैकी झाले आहे. स्वच्छ भारत अभियानाचे अनुदान आणि शेल्टर असोसिएट्ससारख्या संस्थांनी केलेले वस्त्यांचे घरनिहाय नकाशे यांचा त्यात मोठा वाटा आहे. जे राहिले ते अवघड म्हणून राहिले आहे : गल्लीत ड्रेनेजची वाहिनी नाही, घर दीडशे चौरस फुटांचे, किंवा घरमालक भाडेकरूला बांधू देत नाही. अशा ठिकाणी अनुदानाची रक्कम वाढवून उपयोग होत नाही. आधी वाहिनी टाकावी लागते, आणि तोपर्यंत सार्वजनिक शौचालय रात्रभर उघडे, उजेडाचे आणि पाणी असलेले ठेवावे लागते. शौचालयातील बंद दिवा हीसुद्धा आरोग्य खात्याने लावून धरायची तक्रार आहे, असे मी मानतो.

पाण्याचा प्रश्न २०२५ च्या जानेवारीत साऱ्या देशाने पाहिला. सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला, धायरी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक आढळले. संख्या दोनशेच्या घरात गेली आणि काही रुग्ण दगावले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, आणि पोटाचा जिवाणूजन्य संसर्ग हे त्याचे एक ज्ञात निमित्त आहे. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि संशय पिण्याच्या पाण्याकडे वळला. ही बहुतेक समाविष्ट गावे आहेत. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली, इमारती आधीच उभ्या राहिल्या होत्या, पण शुद्धीकरण केंद्रातून येणारे पाणी सर्वत्र पोहोचले नव्हते. काही भागाला विहिरीचे पाणी केवळ क्लोरीन मिसळून दिले जात होते. खडकवासला धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्या लोकांना शुद्ध पाणी न मिळणे यातील विरोधाभास मी वेगळा सांगायला नको. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी : या भागांत राहणारे सगळे गरीब नव्हते. सोसायट्यांमध्ये फ्लॅट घेतलेली मध्यमवर्गीय कुटुंबेही आजारी पडली. शहराच्या नकाशावर तुमचे घर कुठे आहे यावरूनही तुमचे आरोग्य ठरते, आणि तो भाग बहुधा महापालिकेच्या खोदाईच्या यादीत शेवटचा असतो.

पाण्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट डेंग्यूची. पाणी दिवसाआड किंवा तासभर येत असेल तर घरोघरी पिंपे भरून ठेवावीच लागतात, आणि एडिस डासाला स्वच्छ साठलेले पाणीच आवडते. पावसाळ्यात कीटक प्रतिबंधक विभागाचे कर्मचारी येतात, पिंपात अळ्या सापडतात, नोटीस दिली जाते. सोसायटीच्या तळघरात पाणी साचले असेल तर नोटीस योग्यच आहे. पण ज्या घरात पाणी रोज येत नाही त्या घराला पिंप ठेवल्याबद्दल दटावणे म्हणजे महापालिकेने स्वतःच्या त्रुटीचा दंड नागरिकाकडून वसूल करण्यासारखे आहे. अळ्या कुठे सापडतात त्याचा नकाशा आणि पाणी किती तास येते त्याचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहिले, तर पाणीपुरवठा विभागाने पुढचे काम कुठे करावे हे बरेचसे उलगडेल.

आता दवाखान्याकडे येतो. १९७१ मध्ये वेल्समधील खाणकामगारांच्या गावात दवाखाना चालवणारे डॉक्टर ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी एक नियम मांडला : चांगली वैद्यकीय सेवा मिळण्याची शक्यता ही त्या लोकसंख्येच्या गरजेच्या उलट प्रमाणात असते, आणि सेवा जितकी बाजारावर सोडलेली तितका हा नियम अधिक कडकपणे लागू होतो. पुण्याचा नकाशा पाहिला की तो पटतो. मोठी खासगी रुग्णालये एरंडवणे, डेक्कन, बंडगार्डन या पट्ट्यात दाटली आहेत; ससून स्टेशनाजवळ, महापालिकेचे कमला नेहरू रुग्णालय मंगळवार पेठेत. कडेच्या गावांतल्या माणसाला पीएमपीच्या दोन बसगाड्या बदलून मध्यभागी यावे लागते. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने २०१३ पासून ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असे ठरवले आहे. हा निकष चांगला असला तरी तो सर्वत्र सारखा लावला की विषमता तशीच राहते. ज्या ५० हजारांकडे आरोग्यविमा आणि फॅमिली डॉक्टर आहे त्यांना, आणि ज्यांच्याकडे दोन्ही नाही त्यांना, एकच माप लागते.

अंतरापेक्षाही वेळेचा अडसर मोठा आहे. घरकाम करणारी बाई सकाळी सातला बाहेर पडते आणि दुपारी दोन-अडीचला परतते. बांधकामावरचा मजूर आठला मजूर अड्ड्यावर उभा असतो. सकाळी नऊ ते दुपारी एक एवढाच दवाखाना उघडा असेल तर त्याच्यासाठी खाडा करावा लागतो, आणि एका खाड्याची किंमत गल्लीतल्या खासगी डॉक्टरच्या फीपेक्षा जास्त असते. त्यामुळे मोफत दवाखाना टाळून पैसे देऊन इंजेक्शन घेणारा माणूस अडाणी नसतो. त्याचा हिशेब बरोबर असतो. नागरी आरोग्य केंद्रे दुपारी बारा ते रात्री आठ चालवावीत अशी सूचना अभियानाच्या आराखड्यातच होती, आणि राज्य सरकारने २०२३ मध्ये सुरू केलेले 'आपला दवाखाना' दुपारी ते रात्री या वेळेतच चालतात. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. मात्र संध्याकाळी डॉक्टर असतात आणि प्रयोगशाळा बंद असते, किंवा तपासणी होते पण औषध दुसऱ्या दिवशी मिळते, असे होता कामा नये. रुग्णाचे सगळे काम एकाच फेरीत संपले पाहिजे.

रक्तदाब आणि मधुमेहाच्या बाबतीत तर औषध किती दिवसांचे दिले जाते यावरच उपचार टिकतो. पाच-सात दिवसांच्या गोळ्या दिल्या की माणूस महिन्यातून चार वेळा येऊ शकत नाही. तिसऱ्या आठवड्यात गोळी सुटते आणि दोन-चार वर्षांनी पक्षाघात झाल्यावरच तो पुन्हा रुग्णालयाच्या नोंदीत दिसतो. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात, ज्यात महाराष्ट्र सुरुवातीपासून होता, साधी ठरलेली औषधयोजना, महिन्याच्या गोळ्या एकदम आणि न आलेल्या रुग्णाला फोन, या तीनच गोष्टींवर भर दिला गेला. यासाठी विशेषज्ञ लागत नाहीत. औषधखरेदी वेळेवर व्हावी लागते आणि फोन करायला एक माणूस लागतो. नवे हृदयरोग केंद्र उभारण्याची घोषणा जितकी सहज होते तितकी औषधांची निविदा वेळेवर निघत नाही, हे मात्र खरे.

आर्थिक मदतीच्या योजनांची आपल्याकडे कमतरता नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. महापालिकेची स्वतःची शहरी गरीब योजना आहे, जिच्यातून रुग्णालयाच्या बिलाचा मोठा हिस्सा महापालिका भरते. आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात, त्यासाठी बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची असते. पुण्यात धर्मादाय रुग्णालये भरपूर असल्याने ही तरतूद खरोखर मोठी आहे. पण ती मिळते कोणाला? ज्याला ती माहीत आहे, ज्याच्याकडे रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आहे, आणि ज्याच्या ओळखीचा एखादा कार्यकर्ता फोन करू शकतो त्याला. म्हणजे गरिबांतही जो थोडा सावरलेला आहे तोच पुढे जातो. मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबाचे रेशनकार्ड गावाकडे असते, आणि दाखला काढायला तीन दिवस मोडतात ते आयसीयूच्या दारात परवडत नाहीत. यावरचा उपाय रुग्णालयात शोधण्यापेक्षा वस्तीत शोधावा : कागदपत्रे आजारपणाआधीच तयार असली पाहिजेत. क्षेत्रीय कार्यालयाने वर्षातून दोनदा वस्तीत शिबिर लावून दाखले, योजनांची कार्डे आणि बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी एकाच टेबलावर करून दिली, तर तो आरोग्याचाच कार्यक्रम ठरेल. आणि शहरी गरीब योजनेवर दरवर्षी होणाऱ्या खर्चापैकी किती रक्कम डायलिसिस व अँजिओप्लास्टीवर गेली हे पाहावे; त्यातली काही नक्कीच महिन्याच्या गोळ्यांनी वाचली असती.

दरीची सुरुवात जन्माच्याही आधी होते, याबद्दलचे जगातील एक महत्त्वाचे संशोधन पुण्यातच झाले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतील मातांचा आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा केला. या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो, पण वजन कमी असूनही त्यांच्या शरीरातील चरबी त्या मानाने टिकून होती आणि स्नायू कमी होते. वरून बारीक आणि आतून चरबीदार अशी ही ठेवण पुढे मधुमेहाकडे झुकते, आणि आईच्या पोषणाशी, विशेषतः बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेशी, तिचा संबंध दिसला. याचा अर्थ पन्नाशीतल्या मधुमेहावरचा एक उपाय किशोरवयीन मुलीच्या ताटात आहे. आता शहराकडे पाहा. एखाद्या मोठ्या कंपनीत काम करणाऱ्या स्त्रीला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी प्रसूतिरजा आहे. तिच्याच घरी पोळ्या करणाऱ्या मावशींच्या सुनेला शून्य. तिला गरोदर स्त्रियांसाठीच्या केंद्राच्या मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये मिळाले तर मिळाले. ती बाळ दीड-दोन महिन्यांचे असतानाच कामाला लागते आणि स्तनपान सुटते. महापालिका केंद्राचा कायदा बदलू शकत नाही, पण वस्तीत पाळणाघर चालवू शकते, अंगणवाडीला भाड्याच्या अंधाऱ्या खोलीऐवजी आपल्याच शाळेतला वर्ग देऊ शकते, आणि आपल्या शाळांतील मुलींची हिमोग्लोबिन तपासणी करून गोळ्या खरोखर गिळल्या जातात का हे पाहू शकते.

कामाच्या जागी आरोग्य कसे सुधारते याचे पुण्यातील उदाहरण कचरावेचकांचे आहे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, नंतर महापालिकेने कचरावेचकांना ओळखपत्रे दिली, आणि त्यातूनच 'स्वच्छ' ही कष्टकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. उकिरड्यावर कुत्र्यांच्या सोबतीने कचरा उपसणारी बाई घरोघरी जाऊन वर्गीकरण केलेला कचरा घेऊ लागली, तेव्हा जखमा, चावे आणि सुयांचे टोचणे कमी होण्यासाठी वेगळी वैद्यकीय मोहीम लागली नाही. कामाची पद्धत बदलली. वापरलेली सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, हे आवाहनही त्यांनीच केले. आज एखाद्या सोसायटीत ओला-सुका कचरा एकत्र मिळतो तेव्हा त्याची किंमत त्या बाईच्या हातांना मोजावी लागते, हे सोसायटीच्या सभेत कोणीतरी स्पष्टपणे बोलले पाहिजे.

घरांबद्दल थोडेच, कारण तो स्वतंत्र विषय आहे. पुनर्वसन म्हणजे आरोग्यसुधारणा असे धरून चालू नये. टीबीचा जंतू बंद, अंधाऱ्या, वारा न खेळणाऱ्या खोलीत जास्त काळ तग धरतो, आणि दोन इमारतींमध्ये हात पोहोचेल एवढेच अंतर ठेवून उभारलेल्या पुनर्वसन इमारतीच्या खालच्या मजल्यांवर तीच स्थिती पुन्हा निर्माण होते. येरवड्यात काही वस्त्यांमध्ये रहिवाशांना न हलवता, त्यांच्याशी चर्चा करून, जागच्या जागी पक्की घरे आणि घरात शौचालय देण्याचा प्रयोग झाला, तो मला अधिक आश्वासक वाटतो, कारण त्यात माणसाचे काम, मुलांची शाळा आणि शेजार तुटत नाही. टीबीच्या रुग्णाच्या घरच्यांना पोषण दिल्यास त्यांना होणारा टीबी ३९ टक्क्यांनी कमी होतो, असे झारखंडमधील मोठ्या अभ्यासात २०२३ मध्ये दिसले. शहराने रुग्णाबरोबर अख्ख्या घराला शिधा द्यावा यासाठी याहून भक्कम आधार कोणता हवा?

हे सगळे करताना सक्ती आली की काम बिघडते, याचा धडा पुण्याइतका दुसऱ्या शहराने क्वचितच घेतला असेल. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडच्या समितीने सैनिकांकरवी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या, रुग्ण उचलून नेले, आणि लोक रुग्ण लपवू लागले. पुढचा रक्तरंजित इतिहास सर्वांना माहीत आहे. त्याच साथीत सावित्रीबाई फुले हडपसरजवळ त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी उभारलेल्या दवाखान्यात रुग्णांना आणत होत्या, आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनाही प्लेगनेच नेले. दोन्ही पद्धती एकाच शहरात, एकाच वर्षी होत्या. आजची अघोषित वस्ती सर्वेक्षणाला घाबरते, कारण माहिती घ्यायला आलेला माणूस आरोग्याचा की अतिक्रमण विभागाचा हे तिला कळत नाही. म्हणून आरोग्याची माहिती दुसऱ्या कोणत्याही कामासाठी वापरली जाणार नाही अशी लेखी हमी महापालिकेने द्यावी. आणि ज्यांच्यावर वस्तीचा विश्वास असतो त्या आशाताईंना कामागणिक मोबदल्यावर न ठेवता नियमित मानधन द्यावे. पुणे जिल्ह्यातील वढूच्या ग्रामीण भागात डॉ. बानू कोयाजी यांनी गावातल्याच साध्या शिकलेल्या बायकांच्या आधारे आरोग्यसेवा उभी केली होती. शहरातही याहून वेगळे काही चालत नाही.

शेवटी पैशाचा आणि मोजणीचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. पुणे महापालिकेचे अंदाजपत्रक आता बारा हजार कोटींच्या पुढे आहे. महाराष्ट्र महापालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये पाणी, सांडपाणी, दवाखाने, साथरोग प्रतिबंध ही बंधनकारक कर्तव्ये म्हणून दिली आहेत, म्हणजे अधिकार नाही ही सबब चालत नाही. अडचण वाटपाची आहे. तरतूद प्रभागवार सारखी वाटावी असा दबाव असतो, आणि सारखे वाटले की ज्या प्रभागात बाके, कमानी आणि पदपथावरच्या फरशा तिसऱ्यांदा बदलता येतात त्यालाही तेवढेच मिळते जेवढे ड्रेनेज नसलेल्या प्रभागाला. सगळ्यांसाठी सेवा, पण गरजेच्या प्रमाणात कमी-जास्त, हे तत्त्व इंग्लंडमध्ये मायकेल मार्मट यांच्या समितीने २०१० मध्ये मांडले. ते येथे लागू करायला नवा कायदा लागत नाही. आरोग्य, पाणी आणि सांडपाण्याच्या तरतुदीतील ठरावीक हिस्सा वंचिततेच्या निर्देशांकानुसार वाटायचा, एवढा ठराव पुरतो.

त्यासाठी निर्देशांक हवा, आणि तो तयार करण्याची सामग्री महापालिकेच्या कपाटांतच आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ पासून आहे. प्रत्येक मृत्यूच्या नोंदीत वय आणि पत्ता असतो, आणि रुग्णालयातील मृत्यूत कारणही. साठ वर्षांच्या आत दगावलेल्यांचे प्रमाण, अडीच किलोपेक्षा कमी वजनाची बाळे, टीबीचे नवे रुग्ण आणि नळाला पाणी येण्याचे तास, ही चार माहिती पंधराही क्षेत्रीय कार्यालयांनी वस्तीवार काढून नकाशावर मांडली, तर पहिल्याच वर्षी पुरेसे चित्र उभे राहील. पत्ते अपुरे असतील आणि मृत्यूची कारणे 'हृदयक्रिया बंद पडली' अशी मोघम लिहिलेली असतील. आशाताईंनी घरी जाऊन विचारले की त्यातले निम्मे कोडे सुटते. अघोषित वस्त्या आणि बांधकामावरचे निवारे या नकाशात सक्तीने धरले पाहिजेत, नाहीतर जिथे मृत्यू सर्वांत लवकर येतो तीच जागा नकाशावर कोरी राहील. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी शहराचा कचरा वर्षानुवर्षे सोसला, २०१७ मध्ये ती गावे हद्दीत आली आणि २०२४ मध्ये बाहेरही पडली. हद्द बदलली म्हणून तिथल्या विहिरींची जबाबदारी बदलत नाही, त्यामुळे अशा गावांची नोंदही पुण्याच्या अहवालात असावी.

हा अहवाल दरवर्षी अंदाजपत्रकाच्या आधी, म्हणजे डिसेंबरपर्यंत, मराठीत प्रसिद्ध व्हावा आणि प्रभाग समितीत वाचला जावा. २००६ पासून पुण्यात नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेण्याची पद्धत आहे. तिच्यात सूचना बहुधा ज्यांना अर्ज भरायला वेळ आणि इंटरनेट आहे त्यांच्याच येतात. वस्तीतील महिला आरोग्य समित्यांच्या बैठकीत हेच अर्ज भरून घेतले तर शौचालयातील दिवा आणि संध्याकाळची ओपीडी आपोआप यादीत येईल. नगरसेवक विरोध करतील, आमच्या प्रभागावर अन्याय झाला म्हणतील. त्यांना त्यांच्याच प्रभागातील दोन वस्त्यांचे मृत्यूचे वय शेजारीशेजारी दाखवावे. पुण्यात असा प्रभाग विरळाच, ज्यात जिन्याच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही पायऱ्या नाहीत, आणि मतदार तर खालच्या पायऱ्यांवरच जास्त असतात.